वाणात वाटलेले नंबर

एका संक्रांतीला मी एकोणीस बायकांना परक्या माणसांच्या क्रेडिट कार्डांचे नंबर वाण म्हणून वाटले. वर तिळगूळ दिला, अत्तर लावलं आणि गोड बोला असंही सांगितलं.

हे घरात अजून कुणाला माहीत नाही. हल्ली नात मला बजावत असते, "आजी, फोनवर कुणी कार्डाचा नंबर विचारला तर सांगायचा नाही हं. कितीही गोड बोलला तरी." मी शहाण्यासारखी मान हलवते. डोंबिवलीत निम्म्या लोकांनी क्रेडिट कार्ड डोळ्यांनीही पाहिलं नव्हतं तेव्हा तिच्या आजीने हे नंबर सुईदोऱ्याने शिवून वाटले होते, हे तिला कशाला सांगू?

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी पंचेचाळिशीची, म्हणजे वयाने पुरेशी मोठी. अक्कल यायची होती.

ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एका मिठाईच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. दोन टेबलं, एक फोन, एक पंखा. पंखा माझ्याकडे वळायच्या आतच परत फिरायचा. धंदा असा, की परदेशी गेलेली मुलं तिकडून फोन करायची आणि इथल्या आईवडिलांना काहीतरी पाठवायला सांगायची. वाढदिवसाला केक, दिवाळीला मिठाई, लग्नाच्या वाढदिवसाला फुलं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत आम्ही घरपोच करायचो. पैसे कार्डावर. मुलगा तिकडे कार्ड हातात धरून सोळा आकडे सांगणार, ते कुठल्या महिन्यापर्यंत चालतं ते सांगणार, आणि मी इथे छापील पावतीवर ते उतरवून घेणार. पावतीवर वर ऑर्डरचा क्रमांक आणि नाव-पत्ता, मधे कार्डाचा नंबर, खाली संदेशासाठी चार ओळी. मग मालकीणबाई बँकेला फोन करून मंजुरी घ्यायच्या आणि डबा निघायचा. कार्ड आम्ही कधी बघायचो नाही. सगळा व्यवहार माझ्या अक्षरावर.

मालकीणबाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलणं खटक्यात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "हे बघ, डबा पोचला की पावती फाडायची. नंबरावरून, उभी नि आडवी. आपल्या रजिस्टरात फक्त ऑर्डरचा क्रमांक, तारीख आणि गिऱ्हाइकाचा फोन. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. असं म्हणायला मी नेहमीच तयार असायचे.

परदेशच्या लाइनला खरखर फार. त्यामुळे नंबर परत म्हणून दाखवायचा, आणि तोही मी गणपतीच्या मांडवात घोषणा करावी तशा आवाजात म्हणायचे. खाली दुकानाच्या पायरीवर हार ओवत बसणारी एक बाई होती. ती एकदा मला म्हणाली, "ताई, तुमच्या त्या लंडनवाल्याचे शेवटचे चार आकडे मला पाठ झाले. या महिन्यात नाही का आला त्याचा फोन?" यावर शहाण्या बाईने काय करावं? घाबरावं. मला तिच्या स्मरणशक्तीचं कौतुक वाटलं. मी घरी येऊन नवऱ्याला पत्रात ते लिहिलंसुद्धा.

नवरा मस्कतला. वर्षातून एकदा महिनाभर यायचा. मुलगी लग्न होऊन इंदूरला गेलेली. ठाण्याच्या चाळीतली खोली सोडून आम्ही डोंबिवलीत कोपरला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला होता, आणि तो घेतल्यापासून मी त्यात एकटीच होते. चाळीत दार लावलं तर लोक विचारायचे, बरं नाही का? इथे दार उघडं ठेवलं तर जिन्यातून जाणाऱ्या बायका नजर चुकवायच्या, उगाच आत डोकावल्यासारखं नको म्हणून. मला नावाने कुणी ओळखत नव्हतं. मी "मस्कतवाल्यांच्या". माझ्याकडे मोठा फ्रीज आहे, जपानी टेपरेकॉर्डर आहे, एवढी माहिती सगळ्या बिल्डिंगला होती, आणि तेवढ्यावर त्यांचं भागत होतं. संध्याकाळी घरी आलं की बोलायला कुणी नाही. फ्रीजशी बोलायची वेळ काही आली नव्हती. पण तो थरथरून बंद पडला की "झालं का?" एवढं मात्र मी म्हणायचे.

सकाळी साडेसातला ऑफिसात पहिला फोन वाजला की जिवात जीव यायचा. पलीकडून कुणीतरी "काकू" म्हणायचं. सोळा आकड्यांपुरतं का होईना.

आता पावत्यांचं. त्या कागदाची पाठ कोरी होती, आणि कागद कसा? जाड, गुळगुळीत, शाई न फुटणारा. आमच्या माहेरी पाठकोरा कागद टाकणं म्हणजे भाताचं शीत पानात टाकण्याइतकं वाईट. लग्नपत्रिकांच्या पाठी, कॅलेंडरच्या पाठी, उघडून सरळ केलेली पाकिटं, सगळ्याच्या वह्या व्हायच्या. माझे वडील तर विजेच्या बिलाच्या मागे पत्रं लिहायचे. असल्या घरातल्या मुलीला कोणी म्हणावं की हा कोरा करकरीत कागद उभा-आडवा फाड? माझा हातच धजला नाही. मी पावत्या कापडी पिशवीत घालून घरी आणायला लागले. वर्षभरात चांगला गठ्ठा झाला.

आणि संक्रांतीला मला कल्पना सुचली. ब्लॉकमधलं पहिलं हळदीकुंकू करायचं. लोक प्लास्टिकच्या वाट्या देतात, साबणदाण्या देतात. आपण स्वतः शिवलेल्या वह्या देऊ. मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले, दाभणाने भोकं पाडली, लाल दोऱ्याने शिवलं. एका वहीत बारा पावत्या, कोरी बाजू वर. प्रत्येकीला एक पेन्सिल. आठ दिवस मी ते करत बसले होते आणि त्या आठ दिवसांत मला एकदाही एकटं वाटलं नाही, हेही सांगून टाकते.

रविवारी अठरा बायका आल्या. वह्यांचं कौतुक झालं. फ्रीज बघून झाला. "अय्या, किती हौशी हो तुम्ही!" म्हणत वीस मिनिटांत सगळ्या गेल्या. मी शेजारणींसाठी भिजवलेले हरभरे पुढे दोन दिवस एकटीने खाल्ले. एकोणिसावी वही मी तळमजल्यावरच्या आजींना नेऊन दिली. त्या विधवा, म्हणून बिल्डिंगमध्ये त्यांना हळदीकुंकवाला कुणी बोलवत नसे. मीही नाही बोलावलं. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं. दारातच तिळगूळ आणि वही हातात ठेवली आणि घाईघाईने वर आले. त्या गोष्टीची लाज मला कार्डांच्या गोष्टीइतकीच वाटते.

शुक्रवारी ऑफिसात बँकेचा माणूस आला. टाय लावलेला, बारीक, आवाज मऊ. फोनवर कार्ड घेणाऱ्या दुकानांमधून चोऱ्या व्हायला लागल्या होत्या म्हणून तो सगळीकडे सांगत फिरत होता. नंबर मोठ्याने परत म्हणायचा नाही. पावती टेबलावर उघडी ठेवायची नाही. काम झालं की नष्ट करायची.

मी विचारलं, "पण नुसत्या नंबराने काय होतं? कार्ड तर त्यांच्याकडेच असतं ना?"

"मॅडम, तुम्ही तरी कुठे कार्ड बघता?" तो म्हणाला. "तुम्ही नुसत्या नंबरावर केक पाठवता. तसाच दुसरा कुणी तोच नंबर सांगून दुसरीकडून टीव्ही मागवेल. फोनवर नंबर सांगणारा माणूस खरा की खोटा, हे तुम्हाला कळतं का?"

मी मनातल्या मनात वह्या मोजायला लागले.

"एक पावती जरी बाहेर सापडली," तो मालकीणबाईंना म्हणाला, "तर तुमची ही सोय बंद होईल. आणि ज्याचं नुकसान झालं त्याला तोंड तुम्हालाच द्यावं लागेल."

"आमच्याकडे ती काळजीच नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "आमच्या बाई स्वतःच्या हाताने फाडतात."

त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं. "व्हेरी गुड, मॅडम." आणि मी हसले. असं हसू माणसाच्या तोंडावर कुठून येतं देव जाणे. गाल दुखायला लागले तरी ते जाईना.

शनिवारी सुट्टी टाकली. रजिस्टरातले ऑर्डरचे क्रमांक मी कागदावर उतरवून आणले होते. एकेक पावती परत आली की खूण करायची. भांड्यांच्या दुकानातून एकोणीस स्टीलच्या वाट्या आणल्या. आता प्रश्न असा, की दिलेलं वाण परत कसं मागायचं? कुणी ऐकलंय असं? खरं सांगायचं तर बिल्डिंगभर होणार, तिथून ठाण्याला जायला कितीसा वेळ? मग मी जिन्यात उभी राहून एक शास्त्र बनवलं.

"अहो, चुकलंच माझं," पहिल्या मजल्यावरच्या शाळामास्तरीणबाईंना मी म्हटलं. "गुरुजी म्हणाले, कागदाचं वाण सवाष्णीने देऊ नये. धातूचंच द्यावं."

"असं आहे होय? मी नाही कुठे वाचलं."

"आमच्याकडे आहे."

"आणि दिलं तर काय होतं?"

इतका पुढचा विचार मी केला नव्हता. "ते... घरच्या पुरुषमाणसांना बरं नसतं म्हणे."

त्यांनी वही अशी पटकन काढून दिली, जणू तिचा चटका बसत होता. वाटी घेतली आणि आतल्या खोलीत जाऊन नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघितला. दुपारपर्यंत माझ्याआधी माझं शास्त्रच मजले चढायला लागलं. मी बेल वाजवायच्या आत बायका वही घेऊन दारात. त्या बिल्डिंगमध्ये पुढे कितीतरी वर्षं कुणी कागदाचं काही वाण दिलं नाही. अजूनही देत नसतील.

कुणी वहीत भजनं उतरवली होती, कुणी औषधांच्या वेळा. ती पानं मी घरी नेऊन दुसऱ्या वहीत उतरवून ती नवी वही दिली. एकीने वही कल्याणला नणंदेला देऊन टाकलेली. तिथे गेले, तर ती सुतळीने खिडकीच्या गजाला बांधलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याला निरोप लिहायला. नणंदबाईंना नवऱ्याच्या तब्येतीची भीती घालून सोडवली. एकीच्या वहीचं एक पान किराणा मालाची यादी होऊन वाण्याकडे गेलं होतं. तिथे छताला लोंबणाऱ्या तारेत याद्या टोचलेल्या असतात, त्यातून ते शोधलं. साबुदाणा, रवा, काडेपेट्या, आणि उलट बाजूला बोस्टनच्या एका मुलाचा अख्खा नंबर, माझ्या सुवाच्य अक्षरात. वाणी म्हणाला, "वहिनी, यादी नेताय, सामान नको?" मी एक काडेपेटी घेतली.

रविवारी संध्याकाळपर्यंत अठरा वह्या झाल्या. उरल्या तळमजल्यावरच्या आजी.

"आजी, कागदाचं वाण..." मी सुरुवात केली.

"ऐकलं ते. जिन्यात दुसरं काही चालूच नाही," त्या म्हणाल्या. "पण मला कसलं गं वाण? मला तू नुसती वही दिलीस. आणि पुरुषमाणसाचं भय मला नको घालूस. माझा केव्हाच सुटला. बस."

माझं शास्त्र तिथे संपलं. मी बसले. आजींनी वहीचा दोरा उसवला होता आणि पावत्या उलट्या करून पलंगावर ओळीने मांडल्या होत्या. कोऱ्या बाजूवर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

"मी ही नाही देणार," त्या म्हणाल्या. "मला करमतं याने. लोकांची पोरं काय काय लिहितात आयांना! माझा एक ठाण्यातच असतो. ठाण्याहून डोंबिवलीला कोण पेढे पाठवणार?"

मी त्यांना खरं सांगितलं. नंबर म्हणजे काय, बँकेचा माणूस काय म्हणाला, नोकरी कशी जाईल, सगळं. त्या ऐकत होत्या, पण बोट पावत्यांच्या खालच्या ओळींवर.

"एक सांग मला. हा लंडनचा लिहितो, 'आई, तुझ्या चिंचगुळाच्या आमटीची आठवण येते.' हा दुबईचा लिहितो, 'तुझ्यासारखी आमटी इथे कुणाला जमत नाही.' आणि हा तर आडनावावरून सिंधी दिसतोय. याच्या आईने कधी गं केली चिंचगुळाची आमटी?"

मला हसू आलं. मुलं फोनवर घाईत असायची. संदेश काय लिहू विचारलं की म्हणायची, "काहीही लिहा ना काकू, तुम्हीच लिहा." मग मी लिहायचे.

"आणि आमटी कुणाची?" आजींनी विचारलं.

"माझी."

त्यांनी उठून कात्री आणली. प्रत्येक पावतीची खालची पट्टी कापून स्वतःकडे ठेवली आणि नाव-नंबराचा वरचा तुकडा माझ्या हातात दिला. बारा वेळा. "आमट्या माझ्या," त्या म्हणाल्या. "नंबर तुझे. पोरांचं नुकसान नको." मग आम्ही दोघींनी सगळ्या वह्यांमधल्या पावत्या फाडून त्यांच्या बादलीत भिजत घातल्या आणि हाताने कुस्करून लगदा केला. माझ्या यादीत सगळ्या क्रमांकांवर खुणा झाल्या. मी सुटले, असं मला वाटलं.

"ज्यांचे नंबर त्यांना कळवलंस का?" आजींनी लगदा पिळता पिळता विचारलं.

"आता कशाला? सगळे कागद परत आले की."

"कागद आले गं. आठवडाभरात कुणी वाचून ठेवला असेल तर?"

मला हार ओवणारी बाई आठवली.

सोमवारी सकाळी पहिला फोन वाजायच्या आत मी मालकीणबाईंना सगळं सांगितलं. वाण, वाट्या, वाणी, बादली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि मला वाटलं, आता पिशवी उचलून जिना उतरायचा. त्यांनी बँकेला फोन लावला आणि "आमच्याकडून चूक झालीय" म्हणाल्या. माझ्याकडून असं म्हणाल्या नाहीत. महिनाभर आमची कार्डांची सोय बंद राहिली. त्या महिन्यात एकेका गिऱ्हाइकाला फोन करून कार्ड बदलून घ्या असं सांगायचं काम त्यांनी मला दिलं. काही जण चिडले, एकाने फोन आपटला, एका मुलीने शांतपणे विचारलं की पुन्हा आईला फुलं कुणाकडून पाठवू मग. या वेळी मी आवाज खाली ठेवून बोलत होते. कुणाच्याच नंबराचा गैरवापर झाला नव्हता, हे पुढे कळलं. तोवर माझं वजन मात्र चांगलं उतरलं होतं.

शेवटचा फोन करून मी रिसीव्हर ठेवला तेव्हा मालकीणबाई समोरच्या टेबलावर बसलेल्या. महिनाभरात त्या या विषयावर कामापलीकडे एक शब्द बोलल्या नव्हत्या. चहाचा कप त्यांनी माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "अठरा दारांत खोटं बोलत एकटी फिरलीस. कल्याणलासुद्धा एकटी. अगं, शुक्रवारी इथेच, या खुर्चीत बसली होतीस माझ्यासमोर. मला सांगायचंस की. शिव्या घातल्या असत्या, पण आले असते डोंबिवलीला. दोघी मिळून फिरलो असतो."